नव्या ब्राउझरची वाट

चेन्नई शहराच्या दक्षिणेस, जुन्या महाबलिपुरम मार्गाच्या कडेला पेरुंगुडी ही वस्ती आहे. तमिळ भाषेत ‘पेरुम’ म्हणजे मोठी आणि ‘कुडी’ म्हणजे वस्ती. तळी आणि पळ्ळिकरणैची पाणथळ जमीन यांच्या शेजारी वसलेले हे गाव २०११ साली चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाले. त्यापूर्वीच, २००० साली, जवळच्या तरमणी येथे टायडल पार्क उभे राहिले होते. आणि त्यामागोमाग संगणक-व्यवसायाची कार्यालये या मार्गाने दक्षिणेकडे पसरत गेली. आज पेरुंगुडीतील एखाद्या कार्यालयात सकाळी कामावर आलेला मनुष्य संगणक सुरू करतो, तेव्हा बहुधा सर्वप्रथम ब्राउझर उघडतो. पत्रव्यवहार, हिशेब, ग्राहकांच्या तक्रारी, रजेचा अर्ज ही सारी कामे त्या एका खिडकीतून होतात. ती खिडकी कोणी बसवली, हे मात्र तो क्वचितच विचारतो.

याच शहरात मुख्यालय असलेल्या झोहो कॉर्पोरेशन या कंपनीने मे २०२३ मध्ये ‘उला’ नावाचा स्वतःचा ब्राउझर प्रसिद्ध केला. ‘उला’ या तमिळ शब्दाचा अर्थ फेरी किंवा प्रवास असा होतो. जगातील सुमारे दोन-तृतीयांश वापर एकट्या गुगलच्या ‘क्रोम’कडे असताना, आणि भारतात तर ते प्रमाण याहूनही मोठे असताना, एका नव्या ब्राउझरने या क्षेत्रात पाऊल टाकावे ही घटना अभ्यासनीय आहे. उत्तम वस्तू निर्माण केली म्हणजे ग्राहक आपोआप येतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. ब्राउझरांचा तीस वर्षांचा इतिहास या समजुतीला फारसा आधार देत नाही. नवागताचे भवितव्य कशावर ठरते, हे प्रस्तुत प्रकरणात पाहावयाचे आहे.

ब्राउझरची अंगे

मराठीत ब्राउझरसाठी ‘न्याहाळक’ असा शब्द सुचविला गेला आहे; पण व्यवहारात ‘ब्राउझर’ हाच शब्द रुळला असल्याने येथे तोच वापरला आहे. ब्राउझर म्हणजे महाजालावरील पृष्ठ मागवून आणणारी आणि ते वाचनीय रूपात आपल्यासमोर मांडणारी आज्ञावली. तिची कामे ढोबळमानाने चार आहेत.

पहिले काम, वाचकाने दिलेल्या पत्त्यावरून योग्य तो दूरस्थ संगणक शोधून त्याच्याशी संपर्क साधणे. दुसरे, तो संगणक खरोखरच त्या नावाचा धनी आहे की कोणी तोतया आहे, याची शहानिशा करणे. यासाठी ब्राउझर त्या संकेतस्थळाचे प्रमाणपत्र तपासतो आणि ते प्रमाणपत्र आपल्या विश्वासातील संस्थांपैकी एखाद्या संस्थेपर्यंत पोहोचते की नाही ते पाहतो. या विश्वासू संस्थांची यादी ब्राउझरजवळ किंवा संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीजवळ आधीच तयार असते. तिसरे काम, आलेल्या मजकुराची अक्षरे, चित्रे व रकाने यथास्थित मांडणे. चौथे, पृष्ठाबरोबर आलेल्या सूचना पार पाडणे. कळ दाबताच यादी उघडते किंवा बेरीज होते ती या सूचनांमुळेच.

तिसरे आणि चौथे काम करणाऱ्या भागांना ‘इंजिन’ म्हणतात. ब्राउझरचा सर्वांत अवघड व खर्चिक भाग हाच होय. पत्त्याची पट्टी, खुणा, रंग, कप्पे हे सारे वरचे कवच असून ते तुलनेने लवकर घडविता येते. इंजिन मात्र जगातील कोट्यवधी पृष्ठे, त्यांतील चुकांसह, बिनबोभाट दाखवू शकले पाहिजे. इंजिन आणि कवच यांतील हा भेद, तसेच विश्वासू संस्थांच्या यादीचे महत्त्व, या दोन गोष्टी वाचकाने ध्यानात ठेवाव्यात. पुढील विवेचनात त्या पुन्हा येणार आहेत.

पहिली झुंज

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत १९९० साली पहिला ब्राउझर लिहिला. सामान्य माणसापर्यंत ही कल्पना पोहोचविली ती इलिनॉय विद्यापीठातील राष्ट्रीय महासंगणन केंद्रात तयार झालेल्या ‘मोझेक’ने. मार्क अँड्रीसन व एरिक बिना हे त्याचे प्रमुख कर्ते. १९९३ साली तो प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी अँड्रीसन यांनी जिम क्लार्क यांच्यासह नेटस्केप ही कंपनी काढली आणि डिसेंबर १९९४ मध्ये ‘नॅव्हिगेटर’ बाजारात आणला. थोड्याच अवधीत बहुसंख्य लोक तो वापरू लागले.

मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट १९९५ मध्ये ‘इंटरनेट एक्सप्लोरर’ काढला. त्याचा पाया मोझेकच्याच परवाना घेतलेल्या संहितेवर उभारलेला होता. आरंभी तो नॅव्हिगेटरच्या तोडीचा नव्हता. परंतु मायक्रोसॉफ्टजवळ एक मोठे साधन होते : जगातील बहुसंख्य वैयक्तिक संगणकांवर विंडोज ही तिची कार्यप्रणाली होती. एक्सप्लोरर विनामूल्य आणि विंडोजच्या बरोबरच मिळू लागला. नव्या संगणकाच्या पडद्यावर तो आधीच हजर असे. नेटस्केप व्यापारी ग्राहकांकडून किंमत घेत असे. तिला हा मार बसला. पुढे एक्सप्लोररची गुणवत्ताही सुधारली, हे नमूद करणे न्यायाचे होईल. तथापि वाचकाने ब्राउझर निवडण्यापूर्वीच तो त्याच्यासमोर ठेवलेला असणे, हे त्याच्या यशाचे मोठे कारण होते.

मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. न्यायाधीश टॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी जून २००० मध्ये कंपनीचे दोन भाग करण्याचा आदेश दिला. अपील न्यायालयाने २००१ साली तो आदेश रद्द केला. मात्र मक्तेदारी टिकविण्यासाठी कंपनीने बेकायदा मार्ग वापरले, हा निष्कर्ष मुख्यतः कायम ठेवला. अखेर समझोता झाला. तोपर्यंत नेटस्केप स्वतंत्र कंपनी म्हणून उरली नव्हती. १९९९ साली ती अमेरिका ऑनलाइन या कंपनीत विलीन झाली होती. न्याय मिळाला असे म्हटले, तरी तो ज्याला हवा होता त्याच्या हयातीत मिळाला नाही. ब्राउझरांच्या स्पर्धेत कायद्याची गती आणि बाजाराची गती यांत पडणारे हे अंतर पुढेही वारंवार दिसते.

मक्तेदारीची किंमत : मराठी वाचकाचा अनुभव

नेटस्केप मागे पडल्यानंतर एक्सप्लोररचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर गेला. एकच ब्राउझर सर्वत्र असेल तर सामान्य वाचकाचे काय बिघडते, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे उत्तर भारतीय भाषांच्या वाचकाला स्वानुभवाने ठाऊक आहे.

त्या काळी देवनागरीसाठी युनिकोड हे समान अक्षरसंकेतन तयार असले तरी त्याचा वापर रूढ झालेला नव्हता. भारतीय भाषांतील बहुतेक वृत्तपत्रे आपापल्या फाँटनुसार मजकूर साठवीत. तो फाँट वाचकाजवळ नसला की पडद्यावर रोमन अक्षरांची अर्थहीन रांग उमटे. यावर उपाय म्हणून अनेक संकेतस्थळांनी पृष्ठाबरोबर फाँट आपोआप पाठविण्याची युक्ती स्वीकारली. परंतु त्यांपैकी प्रचलित असलेली पद्धत मायक्रोसॉफ्टची होती आणि ती एक्सप्लोररमध्येच चालत असे. परिणामी दुसरा ब्राउझर वापरणाऱ्याला आपल्याच भाषेतील दैनिक वाचता येईना. ‘पद्मा’ नावाची एक पूरक आज्ञावली फायरफॉक्ससाठी तयार झाली, ती अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून देई. एका स्वयंसेवी प्रयत्नाने ही फट बुजवावी लागली, यातच परिस्थितीची कल्पना येते.

दुसरा परिणाम असा की, प्रतिस्पर्धी नाहीसा होताच सुधारणाही थांबली. एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ साली निघाली आणि सातवी २००६ साली. मधली पाच वर्षे वाचकाला जुन्याच साधनावर व त्यातील सुरक्षिततेच्या उणिवांवर काढावी लागली. अनेक कार्यालयांनी आपल्या अंतर्गत आज्ञावल्या त्या एका ब्राउझरसाठीच बांधल्या होत्या. त्यामुळे चांगला पर्याय आल्यावरही त्यांना तो पुष्कळ काळ स्वीकारता आला नाही. दक्षिण कोरियात तर बँकव्यवहारांची सुरक्षितताच एक्सप्लोररमधील एका विशिष्ट तंत्रावर बेतलेली होती. त्या गुंत्यातून बाहेर पडण्यास त्या देशाला अनेक वर्षे लागली. यावरून असे दिसते की, स्पर्धा ही कंपन्यांची आपसांतील बाब असली तरी तिच्या अभावाचा भार वाचकावर पडतो.

नवागतांचे विजय

या निद्रिस्त काळाचा लाभ फायरफॉक्सला मिळाला. नेटस्केपने १९९८ साली आपली संहिता सर्वांसाठी खुली केली होती. तिच्यातून मोझिला प्रकल्प वाढला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती निघाली. एकाच खिडकीत अनेक कप्पे, नको असलेल्या जाहिरात-खिडक्यांना अटकाव, जागतिक मानकांचे पालन ही त्याची वैशिष्ट्ये होती. एका काळी त्याचा जागतिक वाटा सुमारे तीस टक्क्यांपर्यंत गेला. प्रस्थापित प्रतिस्पर्धी झोपला असेल तर निव्वळ गुणवत्तेवर किती मजल मारता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

सप्टेंबर २००८ मध्ये गुगलने क्रोम आणला. या प्रकल्पाची धुरा सुंदर पिचई यांच्याकडे होती. मदुराईत जन्मलेल्या पिचई यांचे बालपण चेन्नईत गेले. क्रोममध्ये प्रत्येक कप्पा स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालविला जाई, त्यामुळे एक पृष्ठ कोलमडले तरी बाकीचे शाबूत राहत. सूचना पार पाडण्याचे त्याचे इंजिनही वेगवान होते. गुण निःसंशय होते. परंतु त्यांच्या जोडीला गुगलचे मुखपृष्ठ होते, इतर आज्ञावल्यांबरोबर क्रोम वाटण्याचे करार होते, आणि पुढे अँड्रॉइड फोन आले. स्टॅटकाउंटर या मोजणी-संस्थेच्या नोंदींनुसार मे २०१२ मध्ये क्रोमने एक्सप्लोररला मागे टाकले. फायरफॉक्स दरवाजा ठोठावून आत आला. क्रोमजवळ पुष्कळशा घरांच्या किल्ल्या आधीच होत्या.

भारतात तिसऱ्या प्रकारचे एक उदाहरण घडले. चिनी मालकीचा यूसी ब्राउझर हा एके काळी येथील मोबाइल फोनवर सर्वाधिक वापरला जाणारा ब्राउझर होता. स्वस्त फोन, अपुरी स्मरणक्षमता, मंद जोडणी आणि महाग डेटा ही तत्कालीन भारतीय वाचकाची स्थिती होती. यूसी आलेली पृष्ठे आपल्या यंत्रणेत आकसवून पाठवी, त्यामुळे कमी खर्चात अधिक वाचता येई. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि हा लाभ ओसरू लागला; जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ५९ चिनी उपयोजनांवर बंदी घातली, त्यांत यूसीचाही समावेश होता. त्याच्या रिकाम्या जागेचा मोठा हिस्सा मात्र भारतीय ब्राउझरांकडे आला नाही. प्रतिस्पर्धी हटला म्हणजे ग्राहक आपल्याकडे येतो, असे नाही. जो फोनमध्ये आधीच बसलेला असतो, त्याच्याकडे तो सरकतो.

उसने इंजिन

दरम्यान एक मूलभूत बदल घडून आला. ऑपेरा या नॉर्वेतील जुन्या ब्राउझरने २०१३ साली स्वतःचे इंजिन सोडून दिले आणि गुगलच्या पुढाकाराने चालणाऱ्या ‘क्रोमियम’ या मुक्तस्रोत प्रकल्पाचा आधार घेतला. मायक्रोसॉफ्टनेही डिसेंबर २०१८ मध्ये तीच घोषणा केली आणि जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवर आधारलेला ‘एज’ प्रसिद्ध केला. ज्या कंपनीने नेटस्केपला नमविले, तिलाही स्वतंत्र इंजिनाचा भार पेलला नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. आज मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी इंजिने तीनच उरली आहेत : गुगलचे ब्लिंक, ॲपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. ‘लेडीबर्ड’सारखे नवे इंजिन आरंभापासून लिहिण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण त्यांना दीर्घ पल्ला गाठावयाचा आहे.

क्रोमियमचा आधार घेणे नवागताला सोयीचे असते. त्याला सर्व पृष्ठे दाखविणारे तयार इंजिन मिळते, आणि क्रोमसाठी लिहिलेल्या पूरक आज्ञावल्याही बहुधा चालतात. परंतु या सोयीची किंमत आहे. मूळ प्रकल्पात कोणता बदल करावयाचा, याचा निर्णय प्रामुख्याने गुगलचे अभियंते घेतात. उदाहरणार्थ, पूरक आज्ञावल्यांच्या नियमांत गुगलने केलेल्या बदलामुळे २०२४ व २०२५ या वर्षांत जाहिराती रोखणाऱ्या काही जुन्या आज्ञावल्या क्रोममध्ये निकामी झाल्या. क्रोमियमवर उभ्या असलेल्या इतर ब्राउझरांना तो बदल मान्य करणे, किंवा जुनी व्यवस्था स्वखर्चाने जतन करणे, एवढेच पर्याय उरले. शिवाय सुरक्षिततेची प्रत्येक दुरुस्ती मूळ प्रकल्पात होताच ती आपल्या आवृत्तीत त्वरित आणावी लागते. त्यात दिरंगाई झाली तर वाचक धोक्यात येतो. नवागताच्या कामाचा हा न दिसणारा भाग आहे आणि तो कधीही संपत नाही.

भारतीय प्रयत्न

भारतात तयार झालेला ब्राउझर म्हणून २०१० साली बंगळूरच्या हिडन रिफ्लेक्स या कंपनीचा ‘एपिक’ गाजला. अनेक भारतीय भाषांत टंकलेखनाची सोय हे त्याचे आकर्षण होते. तो मोझिलाच्या पायावर उभा होता. २०१३ साली त्याच नावाने क्रोमियमवर आधारलेला, खाजगीपणावर भर देणारा ब्राउझर निघाला. रिलायन्स जिओने २०२० साली ‘जिओपेजेस’ आणला. मराठीसह आठ भारतीय भाषांना त्यात स्थान होते. भाषेची सोय हा या प्रयत्नांचा समान धागा. परंतु देवनागरी टंकलेखन फोनच्या कळफलकातच येऊ लागल्यावर केवळ त्या सोयीसाठी ब्राउझर बदलण्याचे प्रयोजन उरले नाही.

सरकारच्या दृष्टीने प्रश्न आणखी एका दिशेने पुढे आला, आणि येथे विश्वासू संस्थांची ती यादी पुन्हा विचारात घ्यावी लागते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये भारतात प्रमाणन प्राधिकरण नियंत्रक हे पद निर्माण झाले असून त्याचे मूळ प्रमाणपत्र हे देशातील डिजिटल स्वाक्षऱ्यांचा पाया आहे. जुलै २०१४ मध्ये असे आढळले की, राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या प्रमाणन व्यवस्थेतून गुगलच्या काही पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली होती. मायक्रोसॉफ्टच्या यादीत भारतीय मूळ प्रमाणपत्र असल्याने विंडोजवर ती खरी मानली जाण्याचा धोका होता. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र असून तीत ते नव्हतेच. नियंत्रकांनी संबंधित प्रमाणपत्रे रद्द केली, आणि गुगलने क्रोममध्ये भारतीय प्रमाणपत्रांची व्याप्ती मोजक्या पत्त्यांपुरती मर्यादित केली.

या प्रसंगातून दोन बोध निघतात आणि ते परस्परविरोधी भासतात. एका राष्ट्राच्या प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवावा की नाही, हे परदेशी कंपन्या ठरवितात. म्हणून स्वतःचा ब्राउझर हवा, हा पहिला. दुसरा असा की, ती यादी काटेकोरपणे राखणाऱ्या स्वतंत्र परीक्षकांमुळेच वाचक वाचला. म्हणून स्वदेशी यादीलाही तितकीच कठोर तपासणी हवी. यांपैकी पहिलाच बोध घेऊन दुसरा विसरणे धोक्याचे ठरेल.

ऑगस्ट २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने भारतीय ब्राउझर विकसित करण्याची स्पर्धा जाहीर केली. प्रमाणन नियंत्रक आणि बंगळूरचे प्रगत संगणन विकास केंद्र हे तिचे आयोजक होते. एकूण पारितोषिक-निधी ३ कोटी ४१ लाख रुपयांचा होता. ब्राउझरने भारतीय मूळ प्रमाणपत्राचा अंतर्भाव असलेली स्वतःची विश्वास-यादी बाळगावी, डिजिटल स्वाक्षरीची सोय द्यावी आणि भारतीय भाषांना स्थान द्यावे, अशा अपेक्षा होत्या. ४३४ गटांनी नावे नोंदविली. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला. एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक झोहोच्या उलाला मिळाले. दुसरे ‘पिंग’ व तिसरे ‘अज्ना’ या गटांना मिळाले.

उलाचे भांडवल आणि अडचणी

झोहोची स्थापना १९९६ साली ॲडव्हेंटनेट या नावाने झाली. २००९ साली तिने सध्याचे नाव घेतले. श्रीधर वेम्बू हे तिच्या संस्थापकांपैकी एक होत. बाहेरच्या गुंतवणूकदारांचे भांडवल न घेता ती वाढली. तिचे उत्पन्न जाहिरातींवर अवलंबून नसून कार्यालयीन आज्ञावल्यांच्या वर्गणीतून येते. ही बाब ब्राउझरच्या संदर्भात फार महत्त्वाची आहे. ब्राउझर विनामूल्य वाटला जातो. मग त्याचा खर्च कोण सोसतो? गुगलला जाहिरातींतून उत्पन्न मिळते आणि वाचकाची माहिती त्या व्यवसायाला उपयोगी पडते. मोझिलाचे बहुतांश उत्पन्न शोधयंत्राच्या करारातून, म्हणजे प्रामुख्याने गुगलकडूनच, येते. प्रतिस्पर्ध्याच्या पैशावर स्पर्धा करण्याची ही चमत्कारिक स्थिती आहे. झोहोला हा खर्च आपल्या इतर व्यवसायातून भागविता येतो. म्हणूनच माग काढणाऱ्या आज्ञावल्या व जाहिराती रोखणे हे उलाचे प्रमुख वैशिष्ट्य होऊ शकले. कामासाठी, खाजगी वापरासाठी, मुलांसाठी आणि विकसकांसाठी वेगवेगळ्या अवस्था त्यात आहेत. एका अवस्थेतील खुणा दुसऱ्या अवस्थेत मिसळत नाहीत.

तथापि उला क्रोमियमवरच आधारलेला आहे. त्याचे कवच, धोरण व विश्वास-यादी भारतीय, इंजिन मात्र सामायिक. ‘स्वदेशी ब्राउझर’ हा शब्द वापरताना ही मर्यादा सांगितली पाहिजे. मुक्तस्रोत संहिता घेणे यात कमीपणा मुळीच नाही. परंतु इंजिनाची दिशा ठरविण्यात आपला सहभाग किती, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

दुसरी अडचण पूर्वनिर्धारित निवडीची. २०२१ या एका वर्षात गुगलने निरनिराळ्या ब्राउझरांत व उपकरणांत आपलेच शोधयंत्र आधीपासून बसलेले असावे यासाठी २,६३० कोटी डॉलर दिले, हे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. आधीच बसलेल्या वस्तूचे मोल केवढे, याचे याहून स्पष्ट माप मिळणे कठीण. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड फोनवर क्रोमसह आपली उपयोजने एकत्र बसविण्याची सक्ती केल्याबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपीलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, काही निर्देश मात्र रद्द केले. युरोपात २०१० साली विंडोजवर ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखविणे मायक्रोसॉफ्टला भाग पडले. तो काही काळ न दाखविल्याबद्दल २०१३ साली तिला ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड झाला. मार्च २०२४ पासून नव्या कायद्यान्वये तेथे फोनवरही असा पडदा येऊ लागला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी न्यायाधीश अमित मेहता यांनी क्रोम विकण्याची सरकारची मागणी फेटाळली. मात्र एकाधिकाराचे करार करण्यास गुगलला मनाई केली. कायदा दार किलकिले करतो. आत शिरण्याचे काम नवागतालाच करावे लागते.

तिसरी अडचण सवयीची. परवलीचे शब्द, खुणा, भेट दिलेल्या स्थळांचा इतिहास हे सारे जुन्या ब्राउझरमध्ये साठलेले असते. नवा ब्राउझर ते उचलून आणू शकतो; परंतु एखादे बँकेचे किंवा सरकारी पृष्ठ एकदा अडले, की माणूस जुन्याकडे परततो आणि सहसा पुन्हा येत नाही.

या संदर्भात पेरुंगुडीसारख्या परिसराचे महत्त्व लक्षात येते. घरी प्रत्येक माणूस स्वतःसाठी निवड करतो. कार्यालयात ती निवड संगणक-व्यवस्था पाहणारा विभाग शेकडो जणांसाठी एकदम करतो. त्याला वेगापेक्षा निराळ्या गोष्टी हव्या असतात : कोणती पूरक आज्ञावली चालू द्यावी यावर नियंत्रण, गोपनीय कागद बाहेर जाणार नाही याची खात्री, आणि अडचण आली तर दूरध्वनीवर उत्तर देणारा माणूस. झोहोचा मूळ ग्राहक हाच आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या आणि गुगलने शोधयंत्राच्या व अँड्रॉइडच्या आधारे जे साधले, ते झोहोला साधावयाचे तर कार्यालय हेच तिचे स्वाभाविक प्रवेशद्वार ठरते.

स्पर्धेचे मैदान मात्र स्थिर नाही. चेन्नईचेच अरविंद श्रीनिवास यांच्या परप्लेक्सिटी या अमेरिकी कंपनीने जुलै २०२५ मध्ये ‘कॉमेट’ हा कृत्रिम बुद्धिमत्तेवर भर देणारा ब्राउझर आणला. ऑक्टोबरमध्ये ओपनएआयचा ‘ॲटलास’ आला. दोन्हींचा पाया क्रोमियमच आहे. पृष्ठ वाचून दाखविण्याऐवजी वाचकाच्या वतीने काम करून टाकणे, हे त्यांचे उद्दिष्ट. अशा ब्राउझरच्या हाती आपला पत्रव्यवहार व पैसा दोन्ही येतात. तेव्हा तो कोणाच्या हिताने चालतो, या प्रश्नाचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढलेले आहे.

निष्कर्ष

येथवरच्या विवेचनाचा सारांश असा. ब्राउझरांच्या क्षेत्रात नवागताला तीन मार्गांनी यश आले आहे : प्रस्थापिताच्या आळसामुळे, जसे फायरफॉक्सला, हाती असलेल्या दुसऱ्या साधनाच्या बळावर, जसे एक्सप्लोररला व क्रोमला, किंवा वाचकाची दुर्लक्षित गरज ओळखल्यामुळे, जसे यूसीला. आजचा प्रस्थापित झोपलेला नाही. भाषेची गरज पुष्कळ अंशी इतरत्र भागली आहे. म्हणून उलासारख्या ब्राउझरला कार्यालयाचा आधार आणि खाजगीपणाची हमी यांवरच मुख्यतः उभे राहावे लागेल. पारितोषिक व सरकारी प्रोत्साहन आरंभी उपयोगी पडते. पण रोजचा वापर त्यातून निर्माण होत नाही.

वाचकाने अशा नव्या ब्राउझरची पारख करताना काही साधे प्रश्न विचारावेत. त्याचा खर्च कोण भागवितो? सुरक्षिततेच्या दुरुस्त्या किती तत्परतेने येतात? त्याची विश्वास-यादी कोण तपासतो? आणि उद्या तो सोडावासा वाटला, तर आपल्या खुणा व परवलीचे शब्द घेऊन सहज बाहेर पडता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर तो ब्राउझर कोठे तयार झाला, ही जमेची बाजू ठरते. ती नसतील तर केवळ जन्मस्थान पुरेसे नाही.

शेवटी, नवागत पहिल्या क्रमांकावर आला नाही म्हणून त्याचा प्रयत्न वाया गेला असे समजण्याचे कारण नाही. फायरफॉक्स पहिला क्रमांक कायमचा मिळवू शकला नाही. तरीही पाच वर्षे थांबलेल्या मायक्रोसॉफ्टला त्यानेच पुन्हा कामाला लावले, आणि त्याचा लाभ एक्सप्लोरर वापरणाऱ्यांनाही झाला. आपली भाषा, आपली स्वाक्षरी आणि आपला व्यवहार ज्या खिडकीतून जातो, ती बदलण्याची मुभा हाती असणे हे वाचकाचे खरे संरक्षण होय. ती मुभा टिकविण्यासाठी दुसरी आणि तिसरी खिडकी कोणीतरी घडवीत राहिले पाहिजे.